रुक्मिणीचे पत्र आणि मराठी स्वयंवरकाव्याची परंपरा

भागवताच्या दशम स्कंधातील रुक्मिणीच्या कथेत स्वयंवराची सभा भरत नाही. रुक्मी या थोरल्या भावाने शिशुपालाशी ठरविलेले लग्न, ब्राह्मणाहाती द्वारकेला धाडलेले पत्र, अंबिकेच्या देवळापाशी झालेले हरण, असा हा घटनाक्रम आहे. विवाहाचा प्रकार राक्षसविधीचा. पण तो सुचविते वधूच, हरणाची जागाही तीच नेमून देते. मराठी कवींनी ‘हरण’ हा शब्द मागे ठेवून ‘स्वयंवर’ हाच धरला, यात रूढीपेक्षा अधिक काही आहे. सभा नसली तरी निवड आहे, हे त्यांनी ओळखले होते.

या कथेचे मराठीतील पहिले ज्ञात गायन महदाइसेचे आहे. रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या लीलाविवाहप्रसंगी तिने धवळे रचले. महदाइसा बालविधवा होती आणि संन्यासमार्गातली होती. लोकाचारात विधवेला मंगलकार्याच्या मांडवात स्थान नाही. येथे लग्नगीत तिच्याच तोंडी आहे. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचा गौरव करताना समीक्षेने या विसंगतीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ (शके १२१४, इ. स. १२९२) दरबारी वातावरणातले आहे. ते आपल्या नावावर करून द्यावे, अशी इच्छा रामदेवराव यादवाने सुवर्णाचे आमिष दाखवून व्यक्त केली व नरेंद्राने ती नाकारली, अशी महानुभाव परंपरेची आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. तथापि तिचा आशय मोलाचा आहे: राजकन्येच्या प्रणयाचे काव्य राजाच्या मालकीचे होऊ शकत नाही. पुढे अवघ्या चार वर्षांत, १२९६ मध्ये, अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला.

पंथाला मात्र या शृंगाराची अडचणही वाटत होती. भास्करभट्ट बोरीकरांचे ‘शिशुपालवध’ काव्य म्हणून उत्तम, पण निवृत्तांच्या कामाचे नाही, असा अभिप्राय पंथातून आला आणि कवी ‘उद्धवगीते’कडे वळला. आपल्या वाङ्मयेतिहासातील हा बहुधा सर्वांत जुना समीक्षाव्यवहार. त्यात काव्यगुण आणि अधिकार यांचे निकष स्पष्टपणे वेगळे केलेले आहेत, ही गोष्ट आजच्या वाचकालाही थक्क करील.

एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. अठरा प्रसंगांच्या या ग्रंथात जीव-शिवाच्या ऐक्याचे रूपक आहे, तसाच विवाहविधींचा भरगच्च प्रपंचही आहे. रूपकाने शृंगाराची अडचण सोडविली. विधींच्या वर्णनाने राजकन्या मराठी घरात आणली. महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीत बंद असल्याने नरेंद्र विसाव्या शतकापर्यंत पंथाबाहेर जवळजवळ अज्ञातच राहिला. नाथांची पोथी घरोघर पोचली. तिच्या पारायणाने उपवर मुलीचे लग्न जुळते, ही श्रद्धा आजही आढळते.

येथे एक विपर्यास घडला आहे. घरच्यांनी ठरविलेला वर नाकारून स्वतः पत्र लिहिणाऱ्या मुलीची कथा, घरच्यांनी वर ठरवावा म्हणून मुलींकडून वाचवून घेतली जाते. मात्र पोथीतले पत्र कोणी गाळलेले नाही. पारायणाला बसलेल्या प्रत्येक मुलीला ते वाचावेच लागते.