प्लेगची लस आणि मुंबईची चाळ

साथीच्या रोगांचा इतिहास लिहितांना मृतांची संख्या आणि औषध शोधणाऱ्याचें नांव या दोन गोष्टी आपण अगत्यानें नमूद करतों. परंतु तें औषध प्रयोगशाळेच्या दारांतून बाहेर पडल्यावर गरिबाच्या खोलीपर्यंत कोणत्या वाटेनें गेलें, वाटेंत कोठें अडलें आणि कां अडलें, याची चौकशी फारशी कोणी करीत नाहीं. मुंबईच्या प्लेगचा इतिहास या दृष्टीनें पुन्हां वाचण्याजोगा आहे.

इ. स. 1896 च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी प्रथम ओळखला. हे डॉक्टर मूळचे गोमंतकाचे. मांडवी म्हणजे गोदीलगतची वखारींची वस्ती. खालीं धान्याच्या गोणी, वर माणसें आणि दोहोंच्या मध्यें उंदीर. रोग कशानें पसरतो हें त्या वेळीं निश्चित ठाऊक नव्हतें. घाण, अंधार आणि कोंदट हवा हींच कारणें धरून सरकारनें घरांवर मोहीम काढली. 1897 च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला व अधिकाऱ्यांस जवळजवळ अनियंत्रित अधिकार मिळाले. ऊन आंत यावें म्हणून कौलें उतरविण्यांत आलीं, भिंतींस चुना फासला गेला, चीजवस्तु जाळली गेली. रोग्यास इस्पितळांत आणि त्याच्या घरच्यांस छावणींत नेण्यांत येऊं लागलें. याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. 1896 च्या ऑक्टोबरांत गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला; 9 मार्च 1898 रोजीं मदनपुऱ्यांतील विणकरांच्या वस्तींत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. लोक शहर सोडून पळाले. 1891 च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती 8,21,764 होती. ती 1901 सालीं 7,76,006 भरली.

याच धामधुमींत वाल्देमार हाफकिन हे ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत लस तयार करीत होते. 10 जानेवारी 1897 रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत तिची परीक्षा झाली. न टोचलेल्या कैद्यांपैकीं 12 जणांस प्लेग होऊन 6 दगावले. टोचलेल्यांपैकीं दोघांसच तो झाला व मृत्यु एकही झाला नाहीं. त्याच वर्षीं पोर्तुगीज अमलाखालील दमण येथें 8,230 वस्तीपैकीं 2,197 जणांनीं लस घेतली. त्यांच्यांत 36 मृत्यु झाले. न घेतलेल्या 6,033 लोकांत 1,482. म्हणजे एकीकडे दर हजारीं सुमारें 16 आणि दुसरीकडे 246. आकडे इतके स्पष्ट असतां चाळकऱ्यांनीं धांवत येऊन दंड पुढें करावयास हवे होते, असें आपणांस वाटतें. तसें घडलें नाहीं.

यावर सुशिक्षितांचा निकाल ठरलेलाच असे: लोक अडाणी! पण हा निकाल फार स्वस्त आहे. टोचल्यानंतर ताप येई, दंड सुजे, एक-दोन दिवस काम होत नसे. महिनेवारी पगाराच्या कारकुनास ही केवळ अडचण. रोजावर पोट भरणाऱ्यास तो चुलीचा प्रश्न. शिवाय लसीचा गुण कांहीं महिनेच टिके, म्हणजे तोच खर्च पुन्हां. याहूनही मोठें कारण असें कीं, लस घेऊन येणारा सरकारचा माणूस चाळींतल्या लोकांस अपरिचित नव्हता. काल ज्यानें त्यांच्या बायामाणसांच्या देखत उंबरठा ओलांडला, तोच आज सुई घेऊन उभा होता. त्याचा कालचा हेतु आणि आजचा हेतु वेगळा आहे, हें त्यांनीं कशावरून ओळखावें?

याउलट खोजा समाजाकडे पाहावें. आगाखानांनीं स्वतः चारचौघांत लस टोचून घेतली, आणि त्यांच्या अनुयायांपैकीं हजारोंनीं त्यांचें अनुकरण केलें. शहर तेंच, रोग तोच, लसही तीच. फरक होता तो सांगणाऱ्याच्या पतीचा.

प्लेगमुळेंच 1898 सालीं मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या मोडाव्या, रुंद रस्ते काढावे आणि गरिबांसाठीं उजेडवाऱ्याच्या चाळी बांधाव्या, असा त्याचा हेतु होता. हेतु उत्तम; परंतु पाडण्याचें काम पुढें धांवलें आणि बांधण्याचें मागें रेंगाळलें. नागपाड्यासारख्या भागांतून उठविलेलीं कुटुंबें शेजारच्याच दाट वस्तींत शिरलीं आणि तेथील दाटी वाढली. पुढें ट्रस्टच्या चाळी उभ्या राहिल्या. 1920 नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें नायगांव, वरळी, शिवडी व डिलाईल रोड येथें 207 चाळी बांधल्या. अशा रीतीनें सरकार हें हजारों कुटुंबांचें घरमालक झालें. घर देणारा, घर पाडणारा आणि लस टोचणारा हे तिन्ही हात एकाच अस्तनींतून बाहेर येत असल्यामुळें एका हातानें गमावलेला विश्वास दुसऱ्यास उसना मिळण्याची सोय राहिली नाहीं.

हा विश्वास किती नाजूक असतो, हें 1902 सालीं दिसून आलें. 1899 पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें हाफकिन यांची प्रयोगशाळा चालत होती व तेथून लस देशभर जात होती. 30 ऑक्टोबर 1902 रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं 107 जणांस टोचण्यांत आलें. त्यांपैकीं 19 जणांस एकाच बाटलींतील लस दिली होती. त्या सर्वांस धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. पंजाबांत त्या हंगामांत लसीची मोठी मोहीम योजिली होती. तिला ग्रहण लागलें.

मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी झाली. हाफकिन यांनीं लस करण्याची रीत थोडी बदलली होती. कार्बॉलिक ॲसिडाऐवजीं केवळ उष्णतेवर भर दिला होता. तेव्हां दोष परळलाच घडला असावा, असें ठरून त्यांस कामावरून दूर करण्यांत आलें. परंतु गांवांत बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातांतून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरता निर्जंतुक न करतांच वापरला गेला होता, ही गोष्ट पुराव्यांत आली होती. धनुर्वाताचे जंतु त्या बाटलींत आधींपासून वाढत असते, तर ती उघडतांच दुर्गंधि आली असती. टोचणाऱ्या डॉक्टरास तशी कांहीं आली नव्हती. हे कागद सरकारनें वर्षानुवर्षें लोकांपुढें ठेवले नाहींत. ते प्रसिद्ध झाल्यावर सर रोनाल्ड रॉस यांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांतून हा विषय धसास लावला. 1907 च्या जुलैंत दहा शास्त्रज्ञांनीं सह्या करून हाफकिन निर्दोष असल्याचें कळविलें आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्यावरील ठपका दूर झाला. त्यांस हिंदुस्थानांत पुन्हां नेमलें गेलें तें कलकत्त्यास. परळची प्रयोगशाळा त्यांच्या हातीं परत आली नाहीं. तिला त्यांचें नांव मिळालें 1925 सालीं.

येथें हाफकिन यांच्यावरील अन्यायाची कथा आपण पुष्कळ वेळां ऐकतों. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा अन्याय. एकोणीस घरांतील लोकांस, आणि त्यांची वार्ता ऐकून धास्तावलेल्या लक्षावधि लोकांस, खरें काय झालें हें सांगण्याची निकड कोणास भासली नाहीं. अपघात झाला हें कोणीही समजून घेईल. बाटली कोणती, चूक कोठें झाली, पुढें कोणती खबरदारी घेतली, एवढें साध्या भाषेंत सांगितलें असतें तर भीतीस कांठ तरी राहिला असता. मौनानें तिला कांठच ठेवला नाहीं. लसीची सुरक्षितता बाटलींत असते तितकीच ती तिच्याविषयीं केलेल्या निवेदनांतही असते.

दरम्यान घराचा प्रश्नही शास्त्रानें निराळ्या रीतीनें सोडविला. पॉल-लुई सिमाँ यांनीं 1898 सालीं कराचींत मांडलेलें मत, कीं उंदरावरील पिसवा हा रोग पसरवितात, तें 1905 नंतर मुंबईंत झालेल्या संशोधनानें पक्कें झालें. म्हणजे ज्या घरांचीं कौलें उतरविलीं त्यांतला खरा शत्रु अंधार नसून उंदीर होता. उंदरास थारा न देणारी चाळ आणि वेळेवर मिळणारी लस हीं एकाच कामाचीं दोन अंगें आहेत, हें तेव्हां कळलें.

ह्या गोष्टी जुन्या झाल्या असें म्हणण्याची सोय नाहीं. 2021 सालीं करोनाची लस आली तेव्हां मे महिन्याच्या आरंभीं अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांस आगाऊ ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. थेट केंद्रावर नोंदणीची मुभा त्यानंतर कांहीं आठवड्यांनीं मिळाली. ज्याच्या हातीं चांगला फोन नाहीं, त्याच्यापुरती लस तितके दिवस दूरच राहिली. सक्तीचा उंबरठा गेला होता. सोयीचा उंबरठा तेवढा उरला होता.

सरकार ज्यांस घर देतें त्यांच्या आरोग्याची जबाबदारी त्यानें भाड्याच्या पावतीबरोबरच घेतलेली असते. ती पार पाडावयाची तर लस चाळीच्या जिन्यापर्यंत नेली पाहिजे, टोचून घेणाऱ्याचा बुडालेला रोज हिशेबांत धरला पाहिजे आणि अपघात घडल्यास त्याची खरी हकीकत त्याच आठवड्यांत त्याच जिन्यावर सांगितली पाहिजे. मुलकोवालची खरी हकीकत लोकांपुढें येण्यास पांच वर्षें लागलीं. तेवढा वेळ कोणतीही साथ थांबून राहत नाहीं.