बावीस आणि तेवीसच्या मधली रिकामी जागा

सत्तरच्या दशकातला अमेरिकी सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड, रेडिओ आज दुरुस्तीच्या टेबलावर आला, की पहिला दोष वयाला दिला जातो. पन्नास वर्षं झाली. कंडेन्सर सुकणार, सोल्डर तडकणार, त्यात नवल काय? हे खरं आहे, पण अर्धंच. या संचांतले जे बिघाड कारागिराला खरोखर छळतात, त्यांचं मूळ काळापेक्षा वॉशिंग्टनच्या नियमावलीत आणि 1973 ते 1978 या पाच वर्षांच्या बाजारात जास्त सापडतं. तो इतिहास माहीत नसला, तर मीटर हातात असूनही कारागीर अंधारातच चाचपडत राहतो.

सर्वसामान्य नागरिकाला स्वतःचा बिनतारी संच वापरता यावा, म्हणून अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने 1945 मध्ये 460 मेगाहर्ट्झच्या आसपास जागा दिली. पण इतक्या वरच्या लहरींवर स्वस्त संच बनवणं त्या काळी कुणालाच जमेना. म्हणून 1958 च्या सप्टेंबरात हौशी रेडिओवाल्यांचा 11 मीटरचा पट्टा काढून घेण्यात आला आणि 27 मेगाहर्ट्झवर 23 चॅनेलं खुली झाली. अपेक्षित ग्राहक होता छोटा दुकानदार, शेतकरी, प्लंबर. परवाना लागे, शक्तीवर मर्यादा होती, आणि प्रक्षेपकाचं अंतर्गत जुळवणीचं काम परवानाधारक तंत्रज्ञाने किंवा त्याच्या देखरेखीखालीच करायचं होतं. या शेवटच्या नियमाने पुढे दुरुस्तीच्या धंद्याचे दोन तुकडे केले. एकीकडे कागदपत्रं असलेली दुकानं राहिली, दुसरीकडे गॅरेजात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेली माणसं.

संचाची रचनाही याच स्वस्ताईच्या हिशेबातून निघाली. प्रक्षेपणाला एक आणि ग्रहणाला एक असं धरलं, तर 23 चॅनेलांना 46 क्रिस्टल लागले असते. ते टाळण्यासाठी साठच्या दशकात मिश्रणाची युक्ती रुळली. एका गटात 37.600 ते 37.850 मेगाहर्ट्झपर्यंतचे 6 क्रिस्टल घ्यायचे, प्रक्षेपणासाठी 10.635, 10.625, 10.615 आणि 10.595 असे 4, ग्रहणासाठी आणखी 4, आणि त्यांच्या लहरींच्या वजाबाकीतून हवी ती लहर काढायची. 14 क्रिस्टलांत काम भागलं. सगळ्या कंपन्यांचे आकडे हेच नव्हते, पण ही योजना फार पसरली. आज निदान करताना हे गणित हुकमी उपयोगी पडतं. संच 1 ते 4 या चॅनेलांवर मुका असेल, तर 37.600 चा क्रिस्टल गेला. 1, 5, 9, 13, 17 आणि 21 वर ऐकू येतं पण बोलणं बाहेर जात नाही, तर 10.635 चा. पाठचं झाकण उघडण्याआधीच, नुसती बटणं फिरवून हे कळतं, आणि असं चोख निदान मला तरी पुढच्या पिढीच्या संचांत क्वचितच दिसतं.

या गणितात एक खोड होती. 6 गुणिले 4 म्हणजे 24, आणि चॅनेलं होती 23. उरलेली जोडी 27.235 मेगाहर्ट्झ देत होती, पण ती लहर सीबीला दिलेलीच नव्हती. म्हणून फिरत्या स्विचवर 22 आणि 23 यांच्या मध्ये एक मुकी खाच राहिली. क्रिस्टल संचात होतेच. खाच जागी व्हायला फक्त एक वायर हवी होती, आणि कित्येकांनी ती जोडली. आज स्विचमागे अनोळखी तार दिसली, की ती कारखान्याची चूक समजून तोडू नये. गंमत अशी, की 1977 च्या 1 जानेवारीला चॅनेलं 40 झाली, तेव्हा 24 वं चॅनेल म्हणून नेमकी हीच लहर कायदेशीर ठरली.

तोवर सगळंच बदललं होतं. 1973 च्या तेलटंचाईनंतर देशभर ताशी 55 मैलांची वेगमर्यादा आली. डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे ट्रकवाले एकमेकांना सीबीवरून सांगू लागले. परवान्याचं शुल्क 1975 मध्ये 20 डॉलरवरून 4 डॉलरवर आलं. 1976 च्या जानेवारीत ‘कॉन्व्हॉय’ हे ट्रकवाल्यांचं गाणं लोकप्रियतेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड ‘फर्स्ट मामा’ या नावाने सीबीवर बोलू लागल्या. गर्दी एवढी झाली, की आवाज पोहोचवायचा तर शेजाऱ्यापेक्षा मोठ्याने बोलणं भाग पडलं. मग आवाजाची पातळी आवरणारा लिमिटर कापायचा, कॉइलींचे गाभे शक्ती वाढेपर्यंत फिरवायचे, आणि फिरताना ते तडकले तर तसेच सोडायचे. 40 चॅनेलांच्या घोषणेने जुन्या संचांचे भाव कोसळले. नेब्रास्कातली हाय-गेन ही मोठी कंपनी त्या उलथापालथीत दिवाळखोर झाली. 23 चॅनेलांचे संच कवडीमोलाने विकले गेले आणि प्रयोग करायला कुणाचाच हात कचरेना.

यावर आक्षेप येईल, की कंडेन्सर कायदा वाचून सुकत नाही. मान्य. गुरगुर, मंदावलेला आवाज, खरखरणारा व्हॉल्यूम, प्लगपाशी तुटलेली माइकची वायर, बॅटरीच्या वायरी उलट जोडल्याने शॉर्ट झालेला डायोड आणि म्हणून पुन्हा पुन्हा उडणारा फ्यूज, हे सगळे साधे आजार आहेत आणि तपासणी तिथूनच सुरू व्हावी. पण ते बरे करूनही आवाज फाटतो, शेवटचा ट्रान्झिस्टर अवाजवी तापतो, मीटर 4 वॅटच्या कायदेशीर मर्यादेपलीकडे जातो, तेव्हा नवे भाग घालत राहणं व्यर्थ आहे. तिथे कुणीतरी मुद्दाम केलेलं काम शोधावं लागतं. आधीच्या माणसावर खापर फोडणं ही कारागिरांची जुनी सवय आहे, असंही कुणी म्हणेल. खरंय, म्हणून पुरावा हवा. गाभ्यावरचं मेण फुटलंय का, मूळ नकाशात असलेला भाग एका पायावर लटकतोय का, हे पाहता येतं. हॉवर्ड सॅम्स कंपनीने त्या काळी काढलेले सर्किटचे नकाशे त्यासाठी आजही कामी येतात.

दुसरा आक्षेप संग्राहकांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. या छेडछाडी जर इतिहास असतील, तर त्या पुसायच्या कशाला? माझं मत असं, की वायर राहू द्यावी, पण लिमिटर परत बसवावा. रिकाम्या खाचेच्या वायरीने कुणाचं नुकसान होत नाही. कापलेल्या लिमिटरची झळ मात्र इतरांना लागते: आवाज कापला जाऊन शेजारच्या चॅनेलांवर सांडतो. अतिताणलेल्या प्रक्षेपकाची दुप्पट लहर 54 मेगाहर्ट्झच्या आसपास पडते, आणि अमेरिकेत टीव्हीचं 2 नंबरचं चॅनेल तिथूनच सुरू होई. त्या काळातल्या घरोघरच्या तक्रारींचं मोठं कारण हेच होतं. काढलेला भाग चिठ्ठीसह पाकिटात ठेवला, तर नोंदही टिकते.

भारतात 27 मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त झाला तो 2005 मध्ये, 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झपर्यंत. हाताहातात मोबाइल पोचत होता त्याच सुमारास. या मर्यादेत अमेरिकी मोजणीची पहिली 27 चॅनेलं येतात; 28 वं 27.285 वर असल्याने थोडक्यात बाहेर पडतं. म्हणजे 40 चॅनेलांचा संच लहरींच्या हिशेबात इथे मध्येच अडतो, आणि जुना 23 चॅनेलांचा संच, मधल्या चोरट्या खाचेसकट, पूर्ण मावतो.