बर्फातला स्टोव्ह आणि न दिसणारा धूर



हिमालयात ट्रेकला निघालेली मंडळी आमच्याकडे फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला येतात. डायमॉक्सची गोळी कधी सुरू करायची, रक्तदाब चालेल का, गुडघ्याला पट्टा बांधू का, असे बरेच प्रश्न ते विचारतात. तंबूत स्वयंपाक कशावर होणार आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. बर्फाळ प्रदेशात थंडी आणि उंचीइतकाच घात स्टोव्हनेही केला आहे, आणि माणसे वाचवलीही त्यानेच आहेत. म्हणून आज औषधांऐवजी स्टोव्हचा इतिहास सांगतो.

बर्फ असताना तहान का लागते?

सभोवती बर्फच बर्फ असेल तर पाण्याची काय चिंता, असे आपल्याला वाटते. आता गणित पाहा. उणे २० अंशांचा १ ग्रॅम बर्फ शून्य अंशावर आणायला सुमारे १० कॅलरी उष्णता लागते. तो वितळवायला आणखी ८० कॅलरी लागतात. त्या पाण्याला उकळी आणायला वर १०० कॅलरी. म्हणजे नळाच्या पाण्याचा चहा करायला जेवढे इंधन पुरते, त्याच्या दुपटीहून अधिक इंधन इथे खर्ची पडते. बर्फ तसाच खाल्ला तर हीच उष्णता आपल्या शरीरातून जाते. कोरड्या थंड हवेत धापा टाकताना श्वासावाटेही बरेच पाणी निघून जाते. थोडक्यात, बर्फात स्टोव्ह बंद पडला की पाणी बंद पडले.

प्रायमसचा जन्म

स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला आणि १८९२ च्या सुमारास तो 'प्रायमस' या नावाने बाजारात आला. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना त्याची रचना वेगळी सांगायला नको. पितळी टाकी, पंप, काकडा, पिन मारणे, हे सगळे आपण स्वयंपाकघरात पाहिलेले आहे. त्यात रॉकेल वातीने जळत नाही. आधी स्पिरिटने बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. दाबाने वर चढलेल्या रॉकेलची तापलेल्या नळीत वाफ होते आणि ती वाफ हवेत मिसळून निळ्या ज्योतीने जळते.

नॉर्वेच्या फ्रिटयॉफ नान्सेनने १८९३ ते १८९६ च्या उत्तर ध्रुव मोहिमेत हाच स्टोव्ह नेला. त्यावर त्याने खास भांडे बसवले होते. मध्ये शिजवण्याचे पातेले, त्याभोवती कड्यासारखे दुसरे भांडे आणि वर तिसरे. पातेल्याला लागून निसटणारी ऊब बाजूच्या आणि वरच्या भांड्यांतला बर्फ वितळवी. थोड्या रॉकेलवर जेवण आणि पाणी दोन्ही होत असे. पुढच्या अनेक ध्रुवीय मोहिमांनी ही जोडी उचलली.

एका वायसरची किंमत

१९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार वाटेतल्या साठ्यांपाशी पोहोचले, तेव्हा रॉकेलचे डबे अपेक्षेपेक्षा रिकामे निघाले. झाकणाखालच्या चामडी वायसरातून थंडीत रॉकेल निसटले, असे मानले जाते. रॉकेल कमी म्हणजे गरम अन्न कमी, पाणी कमी आणि ओले मोजे सुकवायला ऊबही कमी. त्यांच्या मृत्यूला इतरही कारणे होती, पण इंधनाची टंचाई त्यातली मोठी होती. शेवटचा तंबू पुढच्या साठ्यापासून जेमतेम १८ किलोमीटरवर होता. त्याच मोसमात ध्रुवावर जाऊन सुखरूप परतलेल्या आमुंडसेनला ही गळती आधीच्या मोहिमेत कळली होती. त्याने डब्यांना डाग देऊन ते पक्के बंद केले होते.

मग धोका कुठला?

डच दर्यावर्दी विलेम बारेंट्स आणि त्याचे खलाशी नोव्हाया झेम्ल्या बेटावर हिवाळ्यात अडकले होते. डिसेंबर १५९६ मध्ये थंडी असह्य झाली, म्हणून त्यांनी झोपडीत जहाजावरचा दगडी कोळसा पेटवला आणि ऊब जाऊ नये म्हणून फटी आणि धुराडे बुजवले. प्रथम सर्वांना सुखावले. मग डोके गरगरू लागले, अंगातले बळ गेले. दाराजवळच्या एकाने कसेबसे दार उघडले आणि बाहेरची हवा आत येताच सगळे वाचले.

तो वायू कार्बन मोनॉक्साइड होता. इंधनाला पुरेशी हवा मिळाली नाही की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या क्लोद बर्नार याने दाखवले की हा वायू रक्तातील ऑक्सिजनची जागा बळकावतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बसमधली सगळी आसने एकाच टोळीने अडवावीत आणि खऱ्या प्रवाशांना जागाच मिळू नये, तसे हे आहे. ब्रिटनच्या जॉन स्कॉट हाल्डेनने १८९० च्या दशकात स्वतःवर प्रयोग करून या विषबाधेचा सखोल अभ्यास केला.

एवढे ज्ञान हाताशी असूनही अमेरिकेचा अॅडमिरल रिचर्ड बर्ड १९३४ मध्ये याच वायूच्या तावडीत सापडला. अंटार्क्टिकाच्या आत, मुख्य तळापासून सुमारे २०० किलोमीटरवर, बर्फात पुरलेल्या खोलीत तो हवामानाच्या नोंदी घेत एकटा राहत होता. तेलाच्या शेगडीची धुरनळी नीट बसत नव्हती आणि रेडिओसाठीच्या पेट्रोल जनरेटरचा धूर बर्फाच्या बोगद्यात साचत होता. मेच्या अखेरीस तो कोसळला. डोकेदुखी, ओकाऱ्या आणि कमालीचा अशक्तपणा सुरू झाला. शेगडी पेटवावी तर विष, विझवावी तर जीवघेणी थंडी. आपल्यासाठी कोणी हिवाळ्याच्या अंधारात जीव धोक्यात घालू नये म्हणून त्याने आजार लपवला. त्याचे रेडिओ संदेश विस्कळीत होऊ लागले, तेव्हा तळावरच्या सहकाऱ्यांना शंका आली. ऑगस्टमध्ये तिघे जण त्याच्यापर्यंत पोहोचले आणि तो वाचला.

एव्हरेस्ट आणि पाण्याचा हिशेब

मे १९५२ मध्ये स्विस मोहिमेतील रेमंड लॅम्बर्ट आणि तेनझिंग नोर्गे यांनी सुमारे ८४०० मीटरवर स्टोव्हविना रात्र काढली. मेणबत्तीवर थोडासा बर्फ वितळवून त्यांनी घसा ओला केला. दुसऱ्या दिवशी त्यांना शिखर न गाठता परतावे लागले. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी निर्जलीकरणाचा हा मुद्दा उचलून धरला. १९५३ च्या यशस्वी मोहिमेसाठी त्यांनी स्टोव्ह सुधारून घेतले आणि प्रत्येकाने दिवसाला सुमारे ३ लिटर द्रव प्यावा असा आग्रह धरला. पुढे याच प्यूंनी अंटार्क्टिकात तंबूंतील कार्बन मोनॉक्साइडच्या धोक्याचाही अभ्यास केला. त्यांनी स्टोव्हचा फायदा आणि तोटा दोन्ही मोजले. आपणही तेच करायचे.

तुम्ही स्टोव्ह निवडताना

गॅसचा छोटा डबा सोयीचा असतो, पण ब्यूटेन शून्याच्या जरा खाली द्रवच राहतो आणि ज्योत मरते. प्रोपेन मिसळलेला गॅस अधिक थंडीत चालतो. कडाक्याच्या थंडीत पंपाचा स्टोव्ह भरवशाचा, कारण त्यातला दाब आपण हाताने वाढवू शकतो. रॉकेल सहसा भडकत नाही, पण स्पिरिटने नीट तापवल्याशिवाय पेटत नाही. पेट्रोल उणे ४० अंशांनाही पेट घेऊ शकते. त्यामुळे ते सोपे आहे आणि तितकेच धोक्याचे. पंपाचा वायसर सुकला तर हवा धरत नाही, म्हणून निघण्यापूर्वी त्याला तेल द्या. पिन, जादा वायसर आणि काडेपेटी सोबत ठेवा. स्टोव्ह बर्फावर थेट ठेवू नका, खाली फळी घ्या. इंधन भरताना हातमोजे घाला. उणे २५ अंशांचे पेट्रोल हातावर सांडले तर ते क्षणात उडते आणि त्वचेला हिमदंश होऊ शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. स्टोव्ह शक्यतो तंबूबाहेर पेटवा. वादळामुळे ते अशक्य असेल तर तंबूच्या दाराशी पेटवा आणि वर व खाली हवेला वाट ठेवा. बर्फ पडत असेल तर हवेच्या फटी पुन्हा पुन्हा मोकळ्या करा. ज्योत पिवळी झाली तर स्टोव्ह विझवा. ऊब मिळावी म्हणून स्टोव्ह पेटता ठेवून झोपू नका, एक मिनिटही नाही.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गळून जाणे, ही लक्षणे उंचीच्या आजाराची आहेत आणि कार्बन मोनॉक्साइडचीही. उंचीवर ऑक्सिजन आधीच कमी, त्यामुळे थोडा वायूही जास्त बाधतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला हा वायू धरलेले रक्त वेगळे ओळखता येत नाही आणि आकडा खोटाच चांगला दिसतो. दोन खुणा लक्षात ठेवा. एकाच तंबूतल्या सर्वांचे डोके एकदम दुखू लागले, किंवा बाहेर आल्यावर बरे वाटले, तर स्टोव्हवर संशय घ्या.

उपचाराची सुरुवात साधी आहे. स्टोव्ह विझवा आणि रुग्णाला मोकळ्या हवेत आणा, पण गरम कपड्यांत गुंडाळून. सिलिंडर असेल तर मास्कने ऑक्सिजन द्या. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला ४ ते ५ तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण १ ते दीड तास. बेशुद्धी, झटका, छातीत दुखणे, गोंधळलेले बोलणे किंवा रुग्ण गरोदर असणे, यांपैकी काहीही असेल तर बरे वाटले तरी रुग्णालय गाठाच.

निघण्याआधी ट्रेक नेणाऱ्या संस्थेला दोन प्रश्न जरूर विचारा: स्वयंपाकाचा तंबू झोपण्याच्या तंबूपासून वेगळा आहे का, आणि मुक्कामी ऑक्सिजन सिलिंडर असतो का? दोन्हींची उत्तरे 'हो' आली तरच पैसे भरा.