तंजावरची रुग्णटिपणे

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांनी (१७७७–१८३२) नेत्ररोग्यांची सचित्र टिपणे करवून घेतली. सरस्वती महाल ग्रंथालयात ती जपलेली आहेत. डोळ्यांतील विकार चित्रकाराला समोर दिसे. परंतु काही अपाय बालपणी घडतात आणि वर्षांनी उमगतात. फोमच्या गाद्यांत आग रोखण्यासाठी घातलेली ब्रोमीनयुक्त द्रव्ये घरातील धुळीत उतरतात. रांगते मूल तीच बोटे तोंडात घालते. कॅलिफोर्नियात गर्भावस्थेपासून सातव्या वर्षापर्यंत मुलांची टिपणे ठेविली, तेव्हा ही द्रव्ये जेथे अधिक, तेथे चित्ताची चंचलताही अधिक आढळली. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. भारताने २०१८ साली त्यांपैकी काहींवर बंदी घातली. महाराजांच्या टिपणांचा बोध हाच, की जो अपाय कोणी लिहून ठेवीत नाही, त्यावर उपायही कोणी शोधीत नाही.