महाडचा तांबडा विंचू

पेनिसिलिनची कथा आमच्या वाचकांस बहुधा पाठ असेल. १९२८ साली लंडनमधील एका रुग्णालयात फ्लेमिंगच्या काचेच्या ताटलीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू विरून गेले, हे शाळकरी मुलेही सांगतात. परंतु सावित्रीच्या काठी, आपल्याच महाड-पोलादपूरच्या टापूत, रक्तदाबाच्या एका गोळीने मरणाच्या दारातली माणसे कशी परत आणली, हे विचारले असता चांगल्या पदवीधरांसही उत्तर सुचत नाही. म्हणून हा प्रपंच.

कोकणास विंचू नवा नाही. नाथांनी भारुडात त्यास बसविला तो रूपक म्हणून. पण ज्याच्या घरी कौलांतून, सरपणातून किंवा जांभ्याच्या फटीतून तो निघतो, त्यास त्यात रूपक दिसत नाही. काळा विंचू अंगाने मोठा व दिसण्यास भयंकर, परंतु प्राणावर बेततो तो लहानसा तांबडा. पूर्वी दंश झाला की मांत्रिकाकडे धाव घ्यावयाची आणि विंचू उतरवून घ्यावयाचा. मांत्रिकास यशही येई, आणि त्यात नवल नाही; कारण पुष्कळशा दंशांत वेदनेपलीकडे काही होतच नाही व ती काही तासांनी आपोआप शमते. यशाचा धनी मांत्रिक, अपयशाचे धनी दैव, अशी ही सोयीची वाटणी होती.

ज्यांची वेदना शमे पण जीव जाई, त्यांचे काय होत होते? विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरते, हे डॉ. मुंडले यांनी १९६१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले होते. तरी उपाय सापडला नव्हता. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. तेव्हा या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. हाताशी साधने बेताचीच; म्हणून त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून जे दिसेल ते टिपण्यास आरंभ केला. ओकारी, दरदरून घाम, लाळ, बर्फासारखे गार हातपाय, वाढलेला रक्तदाब, आणि शेवटी खोकल्यावाटे येणारा गुलाबी फेस. यांतील आरंभीची लक्षणे हृदयावरील संकटाची पूर्वसूचना होत, हे त्यांनी १९८२ साली लॅन्सेटमध्ये मांडले. आमच्या मते खरा शोध हाच. औषध त्याच्या मागून आले.

या विषाची करणी अशी. मज्जातंतूंवर सोडियमची जी सूक्ष्म दारे असतात ती हे विष वेळेवर मिटू देत नाही. त्यामुळे मज्जातंतू अखंड चेतलेले राहतात आणि शरीरात ॲड्रिनॅलिन व तत्सम द्रव्यांचा पूर लोटतो. रक्तवाहिन्या आवळतात, त्या दाबाविरुद्ध रक्त लोटता लोटता हृदय थकते, आणि मागे तुंबलेले पाणी फुप्फुसांत उतरते. अशा वेळी हृदयाची गती आणखी वाढविणारे ॲट्रोपिन देणे म्हणजे दमलेल्या बैलास पराणी टोचण्यासारखेच.

प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध बाजारात होतेच. ते विषास मारीत नाही. ॲड्रिनॅलिन ज्या ठिकाणी पकड घेऊन रक्तवाहिन्या आवळते, त्या जागाच ते अडवून धरते. आवळलेल्या वाहिन्या सैल होतात व हृदयावरचा भार उतरतो. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी १९८६ साली पुन्हा लॅन्सेटमध्येच हा अनुभव प्रसिद्ध केला. वजनाच्या दर किलोस सुमारे ३० मायक्रोग्रॅम, आणि हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा, असा प्रघात पडला. पहिल्या मात्रेने रक्तदाब एकाएकी उतरण्याचा संभव असल्याने रुग्णास निजवून ठेवावे लागते. नुसती वेदना असेल तर ही गोळी देण्याचे कारण नाही. हे सर्व अर्थात डॉक्टरांच्या नजरेखाली. घरच्या औषधाच्या डब्यातले हे काम नव्हे. गंभीर रुग्णांत पूर्वी शेकडा चाळीसपर्यंत जाणारे मृत्यूचे प्रमाण पुढे शेकडा एकाच्या आसपास आले.

जंतूंवरील औषधांचे दैव निराळे. पेनिसिलिन सर्रास वापरात आले न आले तोच त्यास न जुमानणारे जंतू रुग्णालयांत दिसू लागले, व तेव्हापासून नव्या औषधांची शर्यत संपलेली नाही. विंचवाची गोष्ट तशी नाही. गोळी घेणाऱ्या माणसाकडून तो काही शिकत नाही.

तथापि डॉ. बावस्कर तेवढ्यावर थांबले नाहीत. प्राझोसिनच्या जोडीस प्रतिविष दिले तर काय होते, हे त्यांनी महाडमध्येच सत्तर रुग्णांवर पारखून पाहिले. तो निष्कर्ष २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ जणांपैकी आठच. आपल्या कीर्तीचे औषध असे तराजूत घालण्यास मनाचा जो मोठेपणा लागतो, तो आम्हांस २०२२ च्या पद्मश्रीहून अधिक मोलाचा वाटतो.

प्रतिविष लवकर टोचले तरच त्याचा खरा उपयोग, आणि डोंगरातल्या वाडीवरून रुग्ण खाली आणीपर्यंत वेळ जातोच. त्या वेळेत गावच्या आरोग्य केंद्रात मिळणारी गोळी अजूनही तीच आहे, आणि ती दिल्यावर रुग्णाच्या पायांस हात लावून ते गरम झाले की नाही हे पाहत बसणेही तसेच चालू आहे.