बिनगाठीची जाळी

रबराची हातजाळी उचलली की आधी तिचं वजन जाणवतं. सुती किंवा नायलॉनच्या जाळीपेक्षा ती जड असते आणि बोटाला गुळगुळीत लागते. दोन धागे जिथे भेटतात तिथे गाठ नसते, कारण सगळी जाळी एकसंध ओतलेली असते. तळ उथळ आणि सपाट, म्हणजे मासा आत दुमडत नाही. गळाला लागलेला मासा पाण्यातच हिच्यात घ्यायचा, गळ सोडवायचा आणि त्याला जाऊ द्यायचं, एवढंच हिचं काम. हिचे पूर्वज मात्र मासा जाऊ नये म्हणून घडवलेले होते.

आयझॅक वॉल्टन यांचं ‘द कंप्लीट अँग्लर’ इंग्लंडमध्ये १६५३ साली छापलं गेलं. त्यातला जाणता गळकरी शिष्यासमोर ट्राउट दमवतो, मासा निपचित पडला की हातजाळी मागून घेतो, आणि मासा जाळीत आला की त्यावर आपला हक्क सांगतो. पुस्तकात मासे रांधायच्या कृतीही आहेत. जाळी म्हणजे नदी आणि स्वयंपाकघर यांच्यामधली पायरी होती. ज्या सॅमनला किंवा पाइकला जाळी पुरत नसे त्याच्यासाठी आकडी, म्हणजे गॅफ. लांब दांडा, टोकाला वाकवलेली धारदार सळई. ती माशाच्या कुशीत घुसवायची आणि एका हिसक्यात काठावर घ्यायचा. ज्याला ताटातच जायचं आहे त्याच्या अंगाला भोक पडलं तर बिघडत नव्हतं.

मासा सोडायचा ठरला तेव्हा ही हत्यारं एकदम चुकीची ठरली. लगेच कोणाच्या लक्षात आलं असं मात्र नाही. अमेरिकेत ली वुल्फ यांनी १९३९ च्या आपल्या पुस्तकात सोडून देण्याची बाजू ठामपणे मांडली: सोडलेला चांगला मासा दुसऱ्या कोणाच्या तरी गळाला पुन्हा येऊ शकतो. अटलांटिक सॅमनसाठी ते आकडीऐवजी नुसता हात वापरत. शेपटीच्या मुळाशी या माशाचं अंग बारीक होतं आणि लगेच पुढे शेपटीचे काटे ताठ पसरतात, त्यामुळे तिथे धरलेली मूठ सटकत नाही. ब्राउन ट्राउटची शेपटी तशीच धरली तर मिटते आणि मासा निसटतो. म्हणजे कोणता मासा कुठे धरायचा हे त्याच्या हाडांवरून ठरतं, आणि हे ज्ञान कोणत्याही जाळीपेक्षा मोलाचं आहे असं मला वाटतं.

इंग्लंडमध्ये बदल घडवला तो कार्प माशाने. १९५२ च्या सप्टेंबरमध्ये रिचर्ड वॉकर यांनी रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा कार्प पकडला. तो जिवंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला, क्लॅरिसा या नावाने ओळखला जाऊ लागला आणि १९७१ पर्यंत तिथे जगला. पुढच्या पिढ्यांच्या गळकऱ्यांना तळ्यातले मोठे कार्प खवल्यांच्या ठेवणीवरून वेगवेगळे ओळखता येऊ लागले. बेन्सन नावाचा एक कार्प साठहून जास्त वेळा पकडून सोडला गेला आणि २००९ साली मेला. एकच मासा इतक्यांच्या हातांतून जाणार असेल, तर प्रत्येक जाळीची प्रत्येक गाठ त्याच्या अंगावर नोंदली जाते. माशाच्या खवल्यांवर बुळबुळीत थर असतो. तोच त्याचा रोगांपासूनचा पहिला बचाव. गाठीने किंवा कोरड्या हाताने तो खरवडला की त्या जागी बुरशी धरते, आणि मासा मरतो तो काही दिवसांनी, सोडणाऱ्याच्या नजरेआड. आज इंग्लंडमध्ये गाठी असलेली किंवा धातूची हातजाळी वापरणं नियमबाह्य आहे, आणि कार्पवाले मासा टेकवायला ओली मऊ गादी सोबत नेतात.

मोजमाप पुढे शास्त्रज्ञांनी केलं. फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी १९९२ साली रेनबो ट्राउट पूर्ण दमवून पाहिले. हवेत न नेलेल्यांपैकी १२ टक्के मेले, ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के. पाण्याबाहेर कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या भिजलेल्या वहीच्या पानांसारख्या एकमेकींना चिकटतात, मग प्राणवायू घ्यायला पृष्ठभागच उरत नाही. प्रयोगशाळेतलं टाकं आणि वाहती नदी यांत फरक आहे, तरी मासा छातीशी धरून फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे वाचावेत असं मला मनापासून वाटतं. २००३ साली कॅनडात ब्लूगिल माशांवर चार प्रकारच्या जाळ्या तपासल्या गेल्या. गाठींच्या जाळ्यांनी सर्वांत जास्त इजा केली, रबराने आणि बिनगाठीच्या जाळीने कमी. पण जाळीविना पकडलेल्यांपैकी एकही मासा मेला नाही, आणि जाळीत घेतलेल्यांपैकी ४ ते १४ टक्के मेले. लहान मासा हातभर अंतरावर आला असेल तर जाळी काढूच नये, असा याचा सरळ अर्थ होतो. जबडा चिमट्यात पकडणारं यंत्र जाळीपेक्षा सौम्य वाटायचं. बहामात बोनफिशवर ते वापरून पाहिलं तेव्हा पाण्यात धरलेल्या ८० टक्के माशांची आणि हवेत टांगलेल्या सगळ्यांचीच तोंडं दुखावली.

या प्रवासाचं आपल्याशीही नातं आहे. निळसर परांचा महाशीर शास्त्रात नोंदवला तो कर्नल साइक्स यांनी १८३९ साली, पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून. त्याच्या कावेरीतल्या भावंडाला पाठीवर कुबड असतं आणि तो प्रचंड वाढतो. १९४६ साली व्हॅन इन्जन यांनी काबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर मारला होता. पुढे कर्नाटकात कावेरीकाठच्या गलीबोरसारख्या तळांवर महाशीर पकडून सोडण्याची रीत पडली. एवढ्या माशाला हातजाळी कुठून पुरणार! कमरेइतक्या पाण्यात उतरायचं, मासा पोटाखाली हात देऊन आडवा धरायचा, तोंड प्रवाहाकडे ठेवायचं आणि तो आपण होऊन निघेपर्यंत थांबायचं.

गलीबोरला प्रत्येक सोडलेल्या माशाची नोंद होत असे. १९९८ ते २०१२ या काळातल्या ६,१६१ महाशीरांच्या या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा दिसलं की निळ्या परांचे मासे वाढत चालले होते आणि कुबडवाले जवळजवळ दिसेनासे झाले होते. निळ्या परांचा महाशीर कावेरीचा मूळ रहिवासी नव्हे. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात वाढवलेली पिल्लं चांगल्या हेतूने तिथे सोडली गेली होती. कुबडवाल्याचं शास्त्रीय नाव, टोर रेमादेवी, २०१८ साली पक्कं झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. मासे मारून नेले असते तर कोणता मासा कमी होतोय हे वर्षानुवर्षांच्या अशा नोंदींतून कळलंच नसतं.

वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात मासा पकडणं ही शिकारच, असा अर्थ लावून गलीबोरसारख्या अभयारण्यातल्या तळांवरची गळबाजी पुढे थांबवली गेली. मला तो निर्णय अर्धाच पटतो. संकटातल्या माशाला त्रास नको, हे खरं. पण नोंदही थांबली, आणि उरलेल्या कुबडवाल्यांवर नजर ठेवणारे डोळे गेले. वनखात्याच्या देखरेखीखाली, मोजक्या लोकांना, काट्याविना गळ देऊन, मासा पाण्याबाहेर न काढण्याच्या अटीवर आणि उन्हाळ्यात पाणी तापतं ते महिने वगळून ही मोजणी पुन्हा सुरू करता येईल.