उद्यानातील कलहंस : अमेरिकी शहरांच्या एका प्रश्नाचा पूर्वेतिहास

अमेरिकेतील शहरांत तळ्याकाठी, गोल्फच्या मैदानांवर आणि विमानतळांच्या आसपास बारमाही मुक्काम करणारा कॅनडा गूज, म्हणजे काळ्या मानेचा आणि पांढऱ्या गालाचा मोठा कलहंस, तेथील नगरपालिकांना आज उपद्रवी वाटत असला, तरी त्याचे हे वास्तव्य बव्हंशी माणसाच्याच हातून घडले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शिकारी पाळीव कलहंसांना पायाला दोरी बांधून पाण्यावर आमिष म्हणून ठेवीत, त्यांच्या हाकेने वरून जाणारे रानटी थवे खाली उतरत आणि बंदुकीच्या टप्प्यात येत. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी १९१८ साली कायदा झाला आणि १९३५ साली जिवंत आमिषपक्ष्यांवर बंदी आली, तेव्हा मालकांना निरुपयोगी झालेले अनेक पक्षी मोकळे सुटले. कलहंसाची पिल्ले स्थलांतराची वाट आईबापांमागून उडत शिकतात. कैदेत वाढलेल्या पिढ्यांना ती ठाऊकच नव्हती, त्यामुळे ते आणि त्यांची संतती जिथे होती तिथेच राहिली.

दुसरा धागा मिनेसोटा राज्यातील रोचेस्टर शहराचा आहे. या पक्ष्याची सर्वांत मोठी उपजाती नामशेष झाली, असे १९५० च्या दशकात बहुतेक तज्ज्ञ मानत होते. परंतु १९६२ च्या जानेवारीत वन्यजीवशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सिल्व्हर लेकवरचे पक्षी तोलले, तेव्हा वजने इतकी भरली की आधी तराजूवरच संशय घेतला गेला, आणि अखेर ती हरवलेली उपजाती हीच, असा निर्वाळा मिळाला. वीजकेंद्रातून सोडलेल्या कोमट पाण्यामुळे हे तळे कडाक्याच्या थंडीतही गोठत नसे, म्हणून थवा तिथे हिवाळा काढी. या शोधानंतर अनेक राज्यांच्या वन्यजीव विभागांनी पक्षी वाढवून ठिकठिकाणी सोडले. त्याच दशकांत उपनगरे पसरत होती, आणि प्रत्येक वसाहतीबरोबर कृत्रिम तळे व पाण्याच्या कडेपर्यंत कापलेली हिरवळ येत होती. कोवळे गवत खाणाऱ्या आणि कोल्ह्याची चाहूल लागावी म्हणून चहूकडे उघडा परिसर शोधणाऱ्या या पक्ष्याला यापेक्षा सोयीची जागा मिळणे शक्य नव्हते.

१५ जानेवारी २००९ रोजी कलहंसांच्या थव्याशी टक्कर होऊन एक प्रवासी विमान न्यूयॉर्कजवळ हडसन नदीत उतरवावे लागले. १५५ जण वाचले. पिसांच्या तपासणीतून स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की ते पक्षी शहरातले नव्हते, स्थलांतर करणारे होते. तरीही शहरी थव्यांवरच कारवाई झाली : जून-जुलैत जुनी पिसे गळून पक्ष्यांना काही आठवडे उडता येत नाही, त्या काळात त्यांना घेरून पकडण्यात आले आणि कार्बन डायऑक्साइडने मारण्यात आले. २०१० साली न्यूयॉर्कच्या एकट्या प्रॉस्पेक्ट पार्कमधील सुमारे ४०० पक्षी असे गेले. हिरवळ आणि पाणी तसेच राहिले तर रिकाम्या जागी शेजारचे पक्षी येऊन बसतात, त्यामुळे या हत्येचा उपयोग तात्पुरता ठरतो; आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसानेच एका जागी बांधून ठेवलेल्या पक्ष्याला तिथे राहिल्याबद्दल मारणे न्यायाचेही नाही.

जीव न घेता संख्या आवरण्याचा सर्वांत विचारपूर्वक आखलेला उपाय घरट्यापाशी सुरू होतो. वसंतात मादी साधारणतः पाच अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस उबवते. प्रशिक्षित स्वयंसेवकांपैकी एक जण रक्षणाला धावणाऱ्या नराला थोपवून धरतो, दुसरा प्रत्येक अंडे पाण्याच्या भांड्यात सोडतो. बुडाले तर गर्भाची वाढ नुकतीच सुरू झालेली असते. तरंगले तर आतली हवेची पोकळी मोठी झालेली असते, म्हणजे गर्भ बराच वाढलेला असतो, आणि ते अंडे न छेडता परत ठेवले जाते. बुडालेल्या अंड्यांना मक्याचे तेल चोळले की कवचाची सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि वाढ थांबते. अंडी उचलून नेली तर मादी पुन्हा घालू शकते. तेल लावलेली अंडी मात्र ती हंगाम उलटेपर्यंत उबवत बसते. यात मादीची फसवणूक आहे हे खरे, परंतु वाढलेल्या गर्भाला हात न लावण्याची मर्यादा या पद्धतीने स्वतःवर घालून घेतली, हे तिचे मोठेपण मानावे लागेल. २००६ च्या केंद्रीय नियमानुसार जमीनमालकांना स्वतंत्र परवान्याऐवजी केवळ नोंदणी करून हे काम करता येऊ लागले.

याच्या जोडीला बॉर्डर कोली जातीची मेंढपाळ कुत्री येतात. ती पक्ष्यांना न चावता केवळ रोखून पाहत पुढे सरकतात आणि थवा उठवतात, मात्र घरटी व उडू न शकणारी पिल्ले असताना त्यांना दूर ठेवावे लागते. काठाला उंच देशी गवताचा पट्टा लावला की पक्ष्याला पलीकडचे दिसत नाही आणि तो तिथे चरायला कचरतो. रोचेस्टरनेही पुढे सिल्व्हर लेकच्या काठाशी असेच गवत वाढू दिले. मोठे पक्षी वीस वर्षांहून अधिक जगू शकत असल्याने तेलाचा परिणाम दिसायला अनेक हंगाम जावे लागतात. शिवाय घरटे एकाच्या आवारात आणि चराई दुसऱ्याच्या हिरवळीवर असते, त्यामुळे गोल्फ क्लब, शाळा, दफनभूमी आणि गृहसंकुले यांनी एकाच वसंतात मिळून घरटी शोधली नाहीत, तर एका उद्यानाने केलेले काम शेजारच्या तळ्यावर वाढलेल्या पिल्लांमुळे वाया जाते.